सुपरहिरोंच्या रांगेत बाबासाहेबांना बसवू नका!

कॉमिक्स हा काही आंबेडकरी दैनिकाच्या विचारपानावरचा विषय नव्हे, असे काही वाचकांना वाटेल. शिष्यवृत्तीचे पैसे अडलेले आहेत, अत्याचाराचे खटले वर्षानुवर्षे तारखांवर लोंबकळत आहेत, आणि एका वकिलाने लेकरांच्या चित्रांच्या पुस्तकांवर लिहीत बसावे? होय, बसावे! कारण आमची लेकरे घटनेची उद्देशिका पाठ करण्याच्या कितीतरी आधी स्पायडरमॅनची बनियन घालतात. जगात अन्याय झाला की तो दूर कोण करतो, या प्रश्नाचे पहिले उत्तर त्यांना विहारात मिळत नाही, शाळेतही मिळत नाही; ते त्यांना चित्रांतून मिळते. ते उत्तर काय आहे, हे तपासणे चळवळीचे काम नाही तर कोणाचे?

हा विषय निघण्याला कारणही तसेच घडले. जयंतीच्या वेळी आमच्या सडक अर्जुनी तालुक्यातील एका गावात तरुणांनी चौकात मोठा फलक लावला. त्यावर बाबासाहेब होते, पण कोट-टाय आणि हातात संविधान असलेले नव्हे. अंगाला चिकटलेला निळा पोशाख, फुगलेले दंड, पाठीवर वाऱ्याने उडणारे कापड आणि दोन्ही मुठींत तुटलेल्या साखळ्या! असली चित्रे आता मोबाईलवर दोन मिनिटांत तयार होतात. वडीलधारी मंडळी भडकली, हा बाबासाहेबांचा अपमान आहे म्हणाली. पोरांनी आम्हाला मध्यस्थीला बोलावले आणि सरळ विचारले, "वकीलसाहेब, लहान पोरायले असंच समजते. ते अव्हेंजर पाहतेत, मंग आपला हिरो त्याइच्यात काऊन नाई?"

आमच्या मते पोरांचा प्रश्न शंभर टक्के बरोबर आहे. त्यांचे उत्तर मात्र चुकले आहे. आणि का चुकले, हे नुसते रागावून सांगता येणार नाही. त्यासाठी ही पुस्तके वाचावी लागतात. आम्ही ती लहानपणी भरपूर वाचली आणि अलीकडे पुन्हा वाचली, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमची पिढी नव्वदच्या दशकात वाढली. गोंदिया जिल्हा तेव्हा झालेला नव्हता. १ मे १९९९ पर्यंत आम्ही भंडारा जिल्ह्याचेच. महामार्गावरचे गाव असल्यामुळे नागपूरकडून आणि रायपूरकडून येणाऱ्या गाड्यांबरोबर हिंदी कॉमिक्स येत. किराणा दुकानात दोरीला टांगलेली असत, आठ आणे भाड्याने दिवसभरासाठी मिळत. वेताळ मात्र जुन्या रद्दीत सापडे. टाइम्स ऑफ इंडियाचे 'इंद्रजाल कॉमिक्स' १९६४ ला सुरू होऊन १९९० ला बंद पडले होते. पण ज्यांच्या घरी मोठा भाऊ शिकलेला होता, त्यांच्या पेटीत ते अंक जपून ठेवलेले असत.

हा वेताळ कोण? अमेरिकन लेखक ली फॉक याने १९३६ साली निर्माण केलेला गोरा माणूस. आफ्रिकेसारख्या एका जंगलात तो राहतो. काळे आदिवासी त्याला अमर समजतात, त्याच्या शब्दाबाहेर जात नाहीत. खरे पाहता तो अमर नाही. बाप मेला की मुलगा तोच पोशाख घालून त्याच कवटीच्या आसनावर बसतो. असे एकवीस पिढ्या चालले आहे! वाचकहो, ही व्यवस्था तुम्हाला ओळखीची वाटत नाही काय? बापाची गादी मुलाला, जंगलातल्या लोकांना सत्य सांगायचे नाही, आणि चारशे वर्षांत त्या लोकांपैकी एकालाही कधी वेताळ होता आलेले नाही. लहानपणी आम्ही वेताळाच्या जागी स्वतःला बसवून वाचत होतो. पण त्या चित्रात आमची जागा कुठली होती? दरवाजात भाला घेऊन उभ्या असलेल्या माणसाची.

हिंदीतले नायक यापेक्षा काही बाबतींत बरे होते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. राज कॉमिक्सचा नागराज १९८६ साली आला. त्याची सुरुवातीची चित्रे काढणारे प्रताप मुळीक हे मराठी चित्रकार, हे आमच्या अनेक मित्रांना आजही ठाऊक नाही. नागराजची ताकद मात्र पुन्हा अंगातली, रक्तातली, आणि पुढे उलगडलेल्या कथेत तो निघाला राजपुत्र! सुपर कमांडो ध्रुव मात्र आम्हाला तेव्हाही आवडे आणि आजही आवडतो. १९८७ साली अनुपम सिन्हा यांनी निर्माण केलेला हा सर्कशीतला मुलगा. त्याच्याजवळ कोणतीही दैवी शक्ती नाही. तो विज्ञान वापरतो, डोके चालवतो, हाताशी असेल त्या वस्तूवर काम भागवतो. आणि डोगा! कचराकुंडीत सापडलेले मूल, आईबाप कोण ते कोणालाच माहीत नाही, म्हणजेच जातही माहीत नाही. एका दरोडेखोराने उचलले आणि मुंबईच्या एका व्यायामशाळेत तो घडला. लेखकांनी ठरवून केले असेल असे आम्ही म्हणत नाही. पण जातीच्या देशात ज्याची जात कोणालाच सांगता येत नाही असा नायक कचराकुंडीतूनच यावा लागला, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. दुःख इतकेच की डोगा कायदा मानत नाही, गोळी घालून मोकळा होतो. न्यायालयात रोज उभे राहणाऱ्या माणसाला ते रुचणार नाही. झुंडीच्या हातात न्याय गेला की पहिला बळी कोणाचा जातो, हे आम्हाला कोणी शिकवायला नको.

थोडक्यात आमची कसोटी साधी आहे. या नायकाची ताकद आली कुठून? जन्मातून, की शिक्षणातून आणि संघटनेतून? कोणतेही कॉमिक्स हातात घ्या, सुपरमॅन (१९३८) घ्या की बॅटमॅन (१९३९). ग्रह वेगळा असला, शहर वेगळे असले तरी पहिल्या दोन पानांत उत्तर मिळते. सुपरमॅनची ताकद त्याच्या जन्मग्रहामुळे, बॅटमॅनची बापाच्या संपत्तीमुळे.

आणि म्हणूनच पुण्यात शिकणाऱ्या आमच्या भाच्याने आणून दिलेल्या नव्या अंकांनी आम्हाला चकित केले. अमेरिकेच्या डीसी कंपनीने २०२४ च्या ऑक्टोबरात 'अ‍ॅब्सोल्यूट बॅटमॅन' सुरू केला. लेखक स्कॉट स्नायडर, चित्रकार निक ड्रॅगोटा. यातला ब्रूस वेन करोडपती नाही! ना वाडा, ना नोकरचाकर. बाप शिक्षक होता, तो गोळीबारात गेला. आई जिवंत आहे, मुलगा इंजिनिअर झाला आहे आणि गरीब वस्तीत वाढलेला आहे. पंचाऐंशी वर्षे ज्या नायकाचे सारे शौर्य बापाच्या तिजोरीवर उभे होते, त्याची तिजोरी काढून घेतली तर काय उरते, हा प्रश्न लेखकाने विचारला आणि लोकांनी तो अंक डोक्यावर घेतला. चित्रे दणकट आहेत. मारामारी मात्र आमच्या वयाला जरा जास्तच आहे आणि रक्तही जास्त आहे. दहा वर्षांच्या लेकराच्या हातात देऊ नये.

त्याच्या पुढच्याच महिन्यात आलेला 'अ‍ॅब्सोल्यूट सुपरमॅन' तर आंबेडकरी वाचकाने मुद्दाम वाचावा असा आहे. जेसन आरन यांनी लिहिलेल्या या कथेत क्रिप्टॉन ग्रहावर समाजाच्या उतरंडी आहेत. वर शास्त्रज्ञ म्हणवणारा सत्ताधारी वर्ग आणि खाली कष्टकरी. सुपरमॅनचे आईबाप खालच्या थरात आहेत. छातीवरचे ते जगप्रसिद्ध चिन्ह इथे घराण्याचे मानचिन्ह उरलेले नाही. ते कष्टकऱ्यांवर मारलेला शिक्का आहे! ग्रह मरतो आहे हे राबणाऱ्यांना कळते, पण त्यांचे ऐकणार कोण? वरचे लोक आपल्यापुरती पळून जाण्याची तयारी करतात. आणि पृथ्वीवर आलेला हा मुलगा पहिल्याच अंकात कुठे उभा आहे? ब्राझीलमधल्या खाणकामगारांच्या बाजूने, कंपनीच्या बंदूकवाल्यांसमोर. अपमानाचा शिक्का तोच अभिमानाचे चिन्ह करणे म्हणजे काय, हे ज्यांनी स्वतः अनुभवले आहे त्यांना हे पान वाचताना वेगळे काही समजावून सांगावे लागत नाही. परदेशी लेखकाला हे दिसले. मग आमच्या देशातल्या कॉमिक्सवाल्यांना जातीची उतरंड का दिसत नाही? त्यांच्या शहरांत राक्षस असतात, परग्रहवासी असतात, तस्कर असतात. पाणवठा मात्र नसतो, गावकुसाबाहेरची वस्ती नसते.

ब्लॅक पँथरबद्दलही थोडे सांगितले पाहिजे, कारण त्याच्याभोवती आमच्या तरुणांत एक गोड गैरसमज आहे. दलित पँथर हे नाव सिनेमातून घेतले, असे एका महाविद्यालयीन मुलाने आम्हाला ऐकवले! सिनेमा २०१८ चा, आणि दलित पँथर १९७२ ची. आमच्या पँथरने नाव घेतले ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर पार्टीकडून, जी ऑक्टोबर १९६६ मध्ये ओकलंडला स्थापन झाली. मार्व्हलचा ब्लॅक पँथर त्याच वर्षी, पक्षाच्या काही महिने आधी कॉमिक्समध्ये आला होता. गंमत पाहा, पक्षाचा बोलबाला झाल्यावर १९७२ साली कंपनीने आपल्या नायकाचे नाव काही काळ 'ब्लॅक लेपर्ड' असे बदलून पाहिले. ज्या वर्षी मुंबईत आमची पोरे ते नाव छातीवर मिरवत होती, त्याच वर्षी कंपनी त्या नावापासून अंग चोरत होती!

हा काळा राजा गोऱ्यांच्या गर्दीत ताठ उभा राहतो, म्हणून त्याचे कौतुक होते आणि ते योग्य आहे. तरी तोही जन्माने राजाच. २०१६ पासून ता-नेहिसी कोट्स या काळ्या लेखकाने त्याच्या कथा लिहिल्या, तेव्हा त्यांनी नेमके इथेच बोट ठेवले. वाकांडाची प्रजा राजाविरुद्ध उठते. एवढे प्रगत राष्ट्र, आणि त्यात मतपेटी नाही? शेवटी राजाला आपली सत्ता घटनेच्या चौकटीत बांधून घ्यावी लागते. बरीच पाने बोजड आहेत, पात्रे भाषणे देतात, कॉमिक्सची गती मंदावते. पण सुपरहिरोला घटना मान्य करावी लागते, हे पाहून आम्हाला जो आनंद झाला तो एखाद्या चांगल्या निकालपत्राने होतो तसा होता.

आता फलकाकडे येऊ. सुपरहिरो म्हणजे तरी काय? घट्ट कपड्यातला अवतारच तो. लोक दीन होतात, पाप वाढते, आकाशातून कोणीतरी येतो, दुष्टाचा नाश करतो आणि लोक पुन्हा हात जोडून उभे राहतात. लोकांनी स्वतः काही करावयाचे नसते. या अवतारकल्पनेचा पंचनामा महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त करून ठेवला आहे. मत्स्य, कच्छ, वराह यांच्यापासून एकेकाला त्यांनी उलटतपासणीला उभे केले. आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत अवतार नाकारलेले आहेत. बुद्ध हा विष्णूचा अवतार असल्याचे सांगणे खोटे आहे, हेही त्यांत आहे. ज्यांनी आम्हाला अवतारातून सोडविले, त्यांनाच आम्ही पाठीवर कापड लावून अवतार करावयाचे काय? २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत त्यांनी बजावले होते की राजकारणातली भक्ती अधःपतनाकडे आणि हुकूमशाहीकडे नेते. फलक लावणाऱ्या पोरांची भावना निर्मळ आहे याबद्दल आम्हाला तिळमात्र शंका नाही. पण भक्ती निर्मळ असली तरी ती भक्तीच.

शिवाय सुपरहिरो हरत नाही. बाबासाहेब हरले, आणि आमच्याच भागात हरले! १९५२ साली मुंबईत पराभव झाल्यानंतर १९५४ साली ते भंडारा लोकसभा मतदारसंघातून पोटनिवडणुकीला उभे राहिले आणि काँग्रेसच्या उमेदवाराकडून पराभूत झाले. घटनेचा शिल्पकार, माजी कायदेमंत्री, आणि भंडाऱ्याच्या मतदारांनी त्यांना निवडून दिले नाही. ही गोष्ट जयंतीच्या कोणत्याही देखाव्यात येत नाही. आमच्या पोरांना ती सांगितली तेव्हा ती गप्प झाली. एकाने विचारले, "मंग त्याइनं काय केलं?" हाच तर खरा प्रश्न आहे! त्यानंतर दोन वर्षांत त्यांनी नागपूरला लाखो लोकांना धम्मदीक्षा दिली. पराभव काढून टाकला तर दीक्षाभूमीवरचा माणूस किती मोठा होता हे कळणार कसे?

बाबासाहेबांवर कॉमिक्स नाहीत असे नाही. अमर चित्र कथेने १९७९ साली त्यांच्यावर अंक काढला. चित्रे दिलीप कदमांची. त्या काळात तो निघाला, घराघरांत गेला, याचे श्रेय दिलेच पाहिजे. पण १९६७ पासून चाललेल्या या मालेत देव-देवता, राजे-महाराजे यांची रांग केवढी आणि फुले-आंबेडकरी परंपरेचे स्थान केवढे, हे ज्याचे त्याने मोजावे. ज्या साच्यात कृष्ण बसविला त्याच साच्यात बाबासाहेब बसविले की ते आपोआप एकटे, तेजस्वी आणि इतरांपेक्षा उंच दिसू लागतात. भोवतीची माणसे नुसती गर्दी होतात.

याउलट 'भीमायन' पाहा. २०११ साली नवयान प्रकाशनाने काढलेले हे पुस्तक. मजकूर श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचा, चित्रे दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम यांची. हे दोघे मध्य प्रदेशातील परधान गोंड परंपरेतले कलावंत. गोंदियापासून त्यांचा दिंडोरी जिल्हा फार दूर नाही. आमच्या तालुक्यात गावोगाव गोंड समाज आहे, आणि तरी या कलेने रंगविलेले बाबासाहेब आमच्या तालुक्यातल्या किती घरांत पोचले?

या पुस्तकाची खुबी अशी की त्यात चौकटीच नाहीत. माणसांना डब्यांत कोंबायचे नाही, असे या चित्रकारांनी ठरविले. बोलण्याचे फुगे दोन प्रकारचे आहेत. मायेचे बोल पक्ष्याच्या आकारात येतात आणि जातीचे विष ओकणारे बोल विंचवाच्या नांगीच्या आकारात! निरक्षर आजीलाही कोण कसे बोलतो आहे ते नुसते पाहून कळेल. आगगाडी सापासारखी वळते, किल्ला जनावरासारखा अंगावर येतो. बाबासाहेबांनी स्वतः लिहिलेल्या आठवणींवर ते आधारलेले आहे. कोरेगावला बापाकडे निघालेले लहान भाऊ आणि त्यांना न मिळालेले पाणी, बडोद्याला पारशी धर्मशाळेतून हाकलले जाणे, चाळीसगावला टांग्याचा अपघात, दौलताबादचा हौद. या सर्व प्रसंगांत बाबासाहेब तहानलेले आहेत, बेघर आहेत, रडलेले आहेत. सुपरहिरोचा मागमूस नाही, आणि तरी पुस्तक मिटताना माणूस मोठाच वाटतो. त्यात आपल्या शेजारच्या मोहाडी तालुक्यातील खैरलांजीचाही उल्लेख येतो. म्हणजे ही 'पूर्वीची गोष्ट' नाही, हे पुस्तकच सांगते. दोष काढायचाच तर इतकाच की मूळ पुस्तक इंग्रजी आहे आणि किंमत शेकड्यांत आहे. धानाच्या रोवणीला जाणाऱ्या आईने ते कसे घ्यावे?

'गुलामगिरी'वरही श्रीविद्या नटराजन आणि अपराजिता निनान यांनी इंग्रजीत चित्रपुस्तक केले आहे. जोतीराव आणि धोंडीबा यांचा संवाद, म्हणजे फुग्यांसाठीच लिहिल्यासारखा! मराठी माणसाने मराठीत लिहिलेला ग्रंथ चित्ररूपाने पाहण्यासाठी मराठी पोराला इंग्रजी पुस्तक उघडावे लागावे, याची लाज आम्हा सर्वांना वाटली पाहिजे.

बुद्धांवरचे एक पुस्तक इथे नोंदवले पाहिजे. जपानचे ओसामू तेझुका यांनी १९७२ ते १९८३ या काळात 'बुद्ध' ही महाकाय चित्रकथा काढली. इंग्रजीत तिचे आठ खंड आहेत. तिची सुरुवात राजवाड्यात होत नाही. ती होते चाप्रा नावाच्या एका गुलाम मुलापासून आणि तत्ता नावाच्या अस्पृश्य पोरापासून. चाप्रा जात लपवून सेनापतीचा मानसपुत्र होतो, पराक्रम करतो, आणि जन्म उघडा पडताच सारे संपते. तेझुका यांनी कल्पनेने बरेच रचले आहे. इतिहास म्हणून ते वाचू नये, आणि चमत्कारही त्यात आहेत, ते आम्हाला पटत नाहीत. पण बुद्धाची गोष्ट सांगायची तर आधी जात काय होती हे दाखवावे लागेल, हे एका जपानी चित्रकाराला कळले. आपल्याकडच्या कितीतरी बुद्धकथा म्हातारा, रोगी आणि प्रेत दाखवून थेट बोधिवृक्षाखाली जातात.

एवढे सगळे वाचून झाल्यावर, वकील म्हणून आम्हाला जे चित्र हवे आहे ते कुठेच मनासारखे सापडले नाही. ते आहे महाडच्या खटल्याचे.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, हे चित्र प्रत्येक विहाराच्या भिंतीवर आहे. शाळेच्या पुस्तकापासून देखाव्यापर्यंत गोष्ट तिथेच संपते. ओंजळ उचलली आणि साखळी तुटली! प्रत्यक्षात काय झाले? १९२३ चा बोले यांचा ठराव होता, १९२४ चा महाड नगरपालिकेचा ठराव होता. त्या आधारे लोक तळ्यावर गेले. मार खाल्ला. सनातन्यांनी तळे 'शुद्ध' केले आणि नगरपालिकेने ऑगस्ट १९२७ मध्ये आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला, तर विरोधकांनी आधीच दिवाणी दावा ठोकून तात्पुरता मनाई हुकूम आणला. हजारो माणसे जमलेली, जीव द्यायला तयार, आणि बाबासाहेबांनी त्यांना काय सांगितले? सत्याग्रह तहकूब करा, आपण कोर्टात लढू! मनुस्मृती जाळली ती याच परिषदेत. पुढे दहा वर्षे तारखा चालल्या. तळे खाजगी आहे, अस्पृश्यांना मज्जाव करण्याची रूढी अनादि आहे, असे वादी म्हणत राहिले. खालचे कोर्ट, जिल्ह्याचे कोर्ट, आणि शेवटी १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्या. ब्रूमफील्ड आणि न्या. वाडिया यांनी अपील फेटाळले. रूढी अनादि असल्याचे सिद्ध झाले नाही. हे ब्रूमफील्ड तेच, ज्यांनी १९२२ साली अहमदाबादला गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावली होती.

ओंजळीपासून निकालापर्यंत दहा वर्षांना तीन दिवस कमी! या काळात कोणी पैसे गोळा केले, कोणी साक्षी दिल्या, कोणी कागद सांभाळले. आमच्या पोरांना ही दहा वर्षे चित्रांत दाखविली पाहिजेत. कारण उद्या त्यांच्या गावात पाण्याचा, स्मशानाचा, गायरानाचा प्रश्न येईल तेव्हा त्यांच्याजवळ फुगलेले दंड नसतील. अर्ज, पोच, साक्षीदार आणि तारीख, एवढेच असेल. फिर्याद नोंदवून तीन महिन्यांत काही झाले नाही म्हणून हताश होऊन तडजोड करणारे तरुण आम्ही पाहतो. त्यांना कोणी सांगितलेच नाही की खुद्द बाबासाहेबांना दहा वर्षे लागली होती.

हे होऊ शकते काय? झालेले आहे! १९५७ साली अमेरिकेत 'मार्टिन ल्यूथर किंग अँड द मॉन्टगोमेरी स्टोरी' नावाचे सोळा पानांचे कॉमिक्स एका शांततावादी संघटनेने काढले. किंमत दहा सेंट. सुमारे अडीच लाख प्रती चर्च, शाळा आणि सभांमधून वाटल्या गेल्या. त्यात किंग उडत नाहीत. बसवर बहिष्कार कसा घातला, लोक कामावर कसे गेले, मार पडला तर काय करायचे, याची पद्धत दिलेली आहे. ते वाचून घडलेल्या तरुणांत जॉन लुईस होते. पुढे ते अमेरिकी काँग्रेसचे सदस्य झाले आणि म्हातारपणी त्यांनी आपल्या लढ्याची कथा 'मार्च' या तीन खंडांच्या चित्रकथेतच सांगितली. तिसऱ्या खंडाला २०१६ चा नॅशनल बुक अवॉर्ड मिळाला. २०२० साली लुईस गेले. सोळा पानांनी एवढे केले.

आमच्याकडे अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर पुस्तकांची दुकाने लागतात तशी देशात दुसरीकडे क्वचितच लागत असतील. सडक अर्जुनीहून गाड्या भरून लोक नागपूरला जातात आणि पिशव्या भरून पुस्तके आणतात. त्या पिशवीत दहावीच्या वरच्या वाचकाला सर्व काही आहे, आठ वर्षांच्या लेकराला फोटो आणि बिल्ला! दहा-वीस रुपयांचे, सोळा पानांचे, मराठी चित्रपुस्तक त्या पिशवीत का नसावे? मोबाईलच्या यंत्राने काढलेली चकचकीत चित्रे नकोत. झाडीपट्टीच्या नाटकांचे पडदे रंगविणारे हात आमच्या भागात आहेत, गोंड चित्रकला जाणणारी मुले आश्रमशाळांत आहेत. फलक लावणाऱ्या त्या पोरांनाही आम्ही हेच काम सांगितले आहे आणि त्यांतल्या दोघांनी वह्या आणल्या आहेत. पहिले पुस्तक महाडच्या खटल्याचे, दुसरे भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीचे. १९३७ च्या निकालाचे सोप्या मराठीत टिपण आम्ही करून देऊ. छपाईचा खर्च तालुक्यातल्या विहार समित्यांनी वाटून घ्यावा, असे बोलणे चालू आहे. चित्रे काढू इच्छिणाऱ्यांनी पावसाळा संपण्याच्या आत कळवावे, म्हणजे विजयादशमीला पहिल्या प्रती नागपूरला नेता येतील.